वोयादादांचा आवाज

श्री. वोयिस्लाव ग्रुबेतिच यांची आणि माझी ओळख झाली ती मी त्यांना बसल्या जागेवरून उठवलं म्हणून. असीरगडावर एका ऐतिहासिक मालिकेचं शूटिंग चाललं होतं. युनिटचा भोंगा बिघडला, म्हणून बुऱ्हाणपूरच्या शनवारा भागातल्या माझ्या दुकानातून ॲम्प्लिफायर, दोन कर्णे आणि मला जीपमध्ये घालून वर नेण्यात आलं. बघ्यांची गर्दी मागे सारण्याचं निवेदनही माझ्याकडेच आलं. जेवणाच्या सुट्टीत पाहतो, तर लाल कोटातले एक इंग्रज कर्नल माझ्या नव्या स्पीकरच्या पेटीवर बसलेले. मला इंग्रजी बेताचंच येतं, पण "नो सिट, सर" एवढं जमलं. ते तत्काळ उठले, खिशातल्या रुमालाने झाकण पुसलं आणि म्हणाले, "माफ़ करना भाईसाहब, ये आपकी है?"

मग त्यांनी विचारलं, सकाळपासून कर्ण्यातून जो आवाज येतोय तो तुमचाच का. मी हो म्हणालो. ते म्हणाले, "सब लोग 'कृपया' आधा खा जाते हैं. आप पूरा बोलते हैं."

तोपर्यंत पंधरा वर्षं मी या शहरात निवेदन करत होतो. नगरपालिकेच्या सूचना, गणपतीच्या मिरवणुका, हरवलेल्या म्हशी, सगळं माझ्याच आवाजात जायचं. माझं शाळेतलं शिक्षण नववीपर्यंत. पुढचं सगळं रेडिओसमोर बसून आणि जुने ॲम्प्लिफायर उघडून शिकलो. माझ्या 'कृपया'कडे इतकं कान देऊन बुऱ्हाणपुरात कोणी ऐकलं नव्हतं. ऐकलं ते एका परदेशी माणसाने, तेही घामाने भिजलेला लोकरीचा कोट अंगावर असताना.

वोयादादांच्या पंचाहत्तरीसाठी नेमलेल्या गौरवसमितीच्या पहिल्या पत्रकात 'रशियन अभिनेते' असं छापून गेलं होतं. ते मी दुरुस्त करून घेतलं आणि इथेही नोंदवतो, दादा सर्बियाचे आहेत. मोरावा नदीकाठच्या एका लहान गावी त्यांचा जन्म झाला. नाट्यशिक्षण बेलग्रेडला घेतलं आणि बरीच वर्षं तिथेच रंगमंचावर आणि पडद्यावर काम केलं. पुढे त्यांच्या देशाचे तुकडे पडू लागले, नाटकं बंद पडली, आणि चाळिशी ओलांडलेले वोयादादा एका परदेशी युनिटबरोबर तीन आठवड्यांच्या कामासाठी मुंबईत आले. ते तीन आठवडे अजून संपलेले नाहीत. आपल्याकडे इतिहासाच्या मालिकांना गोरे चेहरे लागतात, आणि बऱ्याचदा रस्त्यावरच्या पर्यटकाला धरून त्याच्या डोक्यावर हॅट ठेवली की काम भागतं. तिथे हा घडलेला नट मिळाला. गव्हर्नर, पोर्तुगीज कप्तान, पाद्री, अफूचे व्यापारी, तस्कर अशा किती भूमिका त्यांनी केल्या त्याची वही माझ्याकडे आहे. पडद्यावर ते बहुतेक वेळा मरतातच. तोफगोळ्याने मेले, हत्तीच्या पायाखाली मेले, एकदा तर विंचू चावून मेले. माझी आई तो प्रसंग आला की टीव्हीपुढून उठून जायची, आणि दुसऱ्या दिवशी ते दिसले की सांगायची, खोट्या मरणाने माणसाचं आयुष्य वाढतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

असीरगडचं शूटिंग संपवून ते परत गेले आणि दसऱ्याच्या सुमारास दोन बॅगा घेऊन बुऱ्हाणपूरच्या, म्हणजे आमच्या लालबागच्या, स्टेशनवर उतरले. मुंबई सोडून इथे का, असं सगळ्यांनीच विचारलं. गाडी सोयीची आहे, माणसं बोलकी आहेत आणि घराजवळ नदी आहे, अशी तीन कारणं त्यांनी दिली. माझ्या दुकानावरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. तेव्हापासून ते आमच्या डोक्यावर आहेत, आणि हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही.

त्यांना 'दादा' केलं माझ्या आईने. 'वोयिस्लाव' तिच्या तोंडी बसेना आणि 'साहेब' म्हणायला ती तयार नव्हती. शेवटच्या आजारपणात ती दवाखान्यात होती, तेव्हा दादा रोज दुपारी तिच्याजवळ बसायचे. ती आपल्या खानदेशी बोलीत माहेरच्या गोष्टी सांगायची. त्यातलं निम्मं तरी त्यांना कळत नसणार. पण कुठे हुंकार द्यायचा आणि कुठे गप्प बसायचं, हे त्यांचं एकदाही चुकलं नाही. आई मला म्हणाली, "तू बोलणारा रे. ऐकणारा हा." तिने हे दोषासारखं सांगितलं की कौतुकासारखं, ते मी विचारलं नाही.

थंडीत खानदेशी वांगी आली की दादा गच्चीवर ती स्वतः भाजतात. त्यांच्याकडेही वांगी आणि लाल मिरच्या भाजून असाच एक प्रकार करतात म्हणे. आमची मंडळी, म्हणजे सौ. शकुंतला, त्यांच्या हाताखाली उभी राहते. एरवी ती कोणाच्याच हाताखाली उभी राहत नाही.

आता त्यांच्या कामाविषयी. दापोऱ्याचे एक केळीवाले शेतकरी, पांडुरंगभाऊ, एका मालिकेत गर्दीतून उचलले गेले. कर्नलपुढे हात जोडून एकच वाक्य बोलायचं होतं. कॅमेरा फक्त पांडुरंगभाऊंवर होता, कर्नलची पाठसुद्धा त्यात दिसत नव्हती. अशा वेळी मोठे नट सावलीत जाऊन बसतात आणि त्यांची वाक्यं कोणी साहाय्यक वाचतो. दादा गेले नाहीत. पांडुरंगभाऊंची जीभ दर वेळी अडकत होती, आणि दर वेळी दादा भर उन्हात संपूर्ण पोशाखात समोर उभे राहून आपलं वाक्य त्याच जोराने, त्याच रागाने म्हणत होते. अकराव्या वेळेला जमलं. मी विचारलं, कॅमेऱ्यात नव्हतात, मग एवढा घाम का गाळलात. ते म्हणाले, "त्याला कोणाशी तरी बोलायचं होतं ना, मास्तर." पांडुरंगभाऊंकडून दर हंगामात केळीचा एक घड आजही आमच्या जिन्यात येऊन पडतो.

ते मला मास्तर म्हणतात. पदवी नसलेल्या माणसाला मास्तर म्हणू नये, असं मी त्यांना सुरुवातीला सांगून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही आणि मीही फार ताणलं नाही. मात्र या 'मास्तर'पायी एक मोठी चूक घडली. गौरवग्रंथात चुका लिहीत नाहीत, हे मला ठाऊक आहे. ही माझी आहे, म्हणून लिहितो.

दादांच्या मोठ्या भगिनी देसांका त्यांच्या गावीच असतात. आम्ही त्यांना देसाताई म्हणतो. धाकट्या भावाला लहानपणी वाचायला त्यांनी शिकवलं, आणि नाट्यशाळेत जायला वडिलांचा विरोध असताना त्यांनीच त्याला गाडीत बसवून दिलं. दादा आपला प्रत्येक चित्रपट त्यांना पाठवायचे. त्या तो शेवटपर्यंत पाहायच्या आणि फोनवर एकच गोष्ट बोलायच्या, तोंड तुझं आहे, आवाज कोणाचा आहे. कारण दादांचा आवाज पडद्यावर कधी येतच नसे. शूटिंगला ते बोलायचे आणि नंतर मुंबईत कोणी दुसरा माणूस त्यांच्या ओठांवर आपला आवाज बसवायचा. गोऱ्या नटांच्या बाबतीत हा रिवाजच आहे. निर्मात्याला ते सोपं पडतं आणि नट तक्रार करत नाही.

एके दिवशी मी दुकानात पाणीकपातीची सूचना रेकॉर्ड करत होतो. दादा खाली आले आणि काम संपेपर्यंत बाकावर बसून राहिले. मग म्हणाले, देसाताईंची नजर चालली आहे. काचबिंदू आहे, डॉक्टरांनी आशा सोडली आहे. थोड्या दिवसांनी चित्र दिसणार नाही, फक्त ऐकू येईल.

"मास्तर, मग तिच्यासाठी त्या सगळ्या चित्रपटांत मी कुठे आहे?"

मी हेडफोन काढून ठेवले. ते म्हणाले, एक तरी चित्रपट असा हवा, ज्यात मी माझ्या तोंडाने बोललो आहे, आणि तो ती असेपर्यंत हवा. आवाज बदलतात तो उच्चार कच्चे असतात म्हणून. ते पक्के करून द्या.

मी दोन वर्षं ते काम केलं, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे केलं. रोज सकाळी साडेसहाला दुकानाचं शटर अर्धं वर. दादा माईकसमोर, मी कानाला हेडफोन लावून. त्यांच्या भाषेत 'भ', 'घ', 'ध' ही अक्षरं नाहीत. मी त्यांच्या तोंडासमोर पतंगी कागदाची पट्टी टांगली. 'ब' म्हणताना ती हलता कामा नये, 'भ' म्हणताना हललीच पाहिजे. वर्तमानपत्रातले अग्रलेख, रेल्वेच्या घोषणा, नगरपालिकेच्या जुन्या सूचना, सगळं त्यांच्याकडून वाचून घेतलं. एक अक्षर घसरलं तरी संपूर्ण परिच्छेद पुन्हा. शकुंतला चहा घेऊन यायची आणि दारातच थांबायची. एकदा म्हणाली, "काय करून राहिले हो तुम्ही दादांचं? बोलता बोलता माणूस अर्धा झाला." दादांनी हाताने तिला थांबवलं आणि परिच्छेद पुन्हा सुरू केला. त्यांच्या या सत्तरीच्या घरातल्या शिस्तीला मी तेव्हाही मनातून नमस्कार करत होतो, फक्त तोंडावर तसं दाखवत नव्हतो.

मग एक मोठा हिंदी चित्रपट आला. कर्नलची भूमिका, चार पानांचं हिंदी भाषण. दादांनी निर्मात्याकडून कबूल करून घेतलं की आवाज त्यांचाच राहील. शूटिंगला मी सोबत होतो. एका दमात, एकही अक्षर न घसरता त्यांनी ते भाषण म्हटलं. युनिटने टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शकांनी येऊन माझाही हात हातात घेतला. घरी येताना गाडीत आम्ही दोघांनी बुऱ्हाणपूर येईपर्यंत त्याच एका गोष्टीवर गप्पा मारल्या.

चित्रपट लागला तेव्हा आम्ही तिघं पहिल्या खेळाला गेलो. पडद्यावर दादांनी तोंड उघडलं आणि आवाज आला, "टुम लोग हमारा हुकुम नहीं मानेगा..." आवाज दुसऱ्याचा होता. दादा शेवटपर्यंत बसून राहिले. बाहेर आल्यावर त्यांनी शकुंतलेला विचारलं, "वहिनी, भूक लागली असेल ना तुम्हाला?"

मी मुंबईला फोन लावला. आवाजाच्या विभागातला माणूस ओळखीचा झाला होता, त्याने खरं ते सांगितलं. चित्रपट आधी काही प्रेक्षकांना दाखवून पाहिला होता. त्यांची तक्रार एकच होती, की अंग्रेज की आवाज़ नकली है, किसी हिंदीवाले से डब करवाई है. दादांचा स्वतःचा आवाज लोकांना दुसऱ्याचा वाटला. म्हणून तो खरा वाटावा यासाठी त्यावर दुसऱ्याचा आवाज बसवला गेला.

मी मूळ रेकॉर्डिंगची प्रत मागवली आणि हेडफोन लावून ऐकली. त्या चार पानांत उच्चाराची एकही चूक नव्हती. पण दादाही नव्हते. प्रत्येक वाक्याचा चढ माझा होता, विराम माझे होते, 'कृपया' माझं होतं. पाणीकपातीची सूचना एका कर्नलने वाचावी, तसं ते भाषण होतं. देसाताईंनी हे ऐकलं असतं, तरी त्यांनी तोच प्रश्न विचारला असता. दोन वर्षं घासून मी त्यांच्या जिभेवरून त्यांचं गाव पुसून टाकलं होतं.

त्यानंतर आठवडाभर मी सकाळी दुकान उघडलं नाही. दादा एकाच घरात वर, मी खाली, आणि जिन्यात गाठ पडू नये म्हणून माझी धडपड. आठव्या दिवशी साडेसहाला दार वाजलं. हातात चहाचा कप घेऊन दादा उभे होते. मी म्हणालो, दादा, माझ्यामुळे तुमची संधी गेली. ते म्हणाले, "मास्तर, मी इतका चांगला विद्यार्थी आहे हे माझ्या शाळेत कोणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही." आणि आत येऊन बाकावर बसले. त्या दिवशी आम्ही काही वाचलं नाही. त्यांनी मला त्यांच्या नदीविषयी सांगितलं आणि मी मध्ये एकदाही दुरुस्ती केली नाही.

देसाताईंची नजर त्याच वर्षी पूर्ण गेली.

गेल्या वर्षी जळगावच्या एक तरुण दिग्दर्शिका दादांकडे आल्या. छोटा मराठी चित्रपट होता. तापीकाठच्या एका गावात पाण्याचे पंप दुरुस्त करत म्हातारा झालेला परदेशी माणूस, ही मुख्य भूमिका. या वेळी पडद्यावर त्यांना मरायचं नव्हतं. आणि आवाज जागेवरच घेणार, नंतर बदलणार नाही, हे बाईंनी स्वतःहून सांगितलं. मला त्यांनी संवादांकडे लक्ष द्यायला ठेवलं. उच्चार चुकला की मी हात वर करायचा, म्हणजे पुन्हा घेता येईल.

या वेळी मी पट्टी टांगली नाही. फक्त वाक्यांचे अर्थ सांगितले आणि गप्प बसलो. गप्प बसणं मला किती जड जातं, ते हा ग्रंथ वाचणाऱ्या सर्वांना माहीत आहे.

मुख्य प्रसंग खकनारकडच्या एका खेड्यात, खऱ्या घराच्या ओसरीवर होता. मित्र वारलेला आहे, त्याची बायको चुलीपुढे सुन्न बसली आहे, आणि हा म्हातारा पुढे होऊन परात ओढतो. मी दोन हातांच्या अंतरावर, कानाला हेडफोन लावून उभा. दादांनी परात ओढली आणि ते म्हणाले, "उठा वहिनी. आज भाकरी मी करतो."

'भाकरी'तला 'भ' पोकळ पडला. कागदाची पट्टी असती तर हलली नसती. वाक्याचा शेवटही आपल्यासारखा खाली न येता किंचित वर गेला, त्यांच्या गावाकडे जातो तसा. दिग्दर्शिका बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझा उजवा हात सवयीने कोपरापर्यंत उचलला गेला होता. मी तो खाली घेतला आणि मान हलवली, बरोबर आहे म्हणून. तीस वर्षांच्या कामात जाणूनबुजून सोडून दिलेली ती माझी पहिली चूक. ती मी पुन्हाही सोडीन.

चित्रपट आला, आपल्या शहरातही लागला, आपण सर्वांनी पाहिला. त्याविषयी इतरांनी या ग्रंथात लिहिलं आहेच. मी फक्त पुढचं सांगतो. दादांच्या भाच्याने चित्रपट देसाताईंना ऐकवला. मराठीचा एक शब्द त्यांना येत नाही. भाच्याने विचारलं, मामा बोलतो तेवढंच लावू का. त्या म्हणाल्या, सगळं लाव. पूर्ण वेळ त्या खुर्चीत ताठ बसून होत्या. मग त्यांनी फोन लावायला सांगितला.

तो फोन दादांनी माझ्या दुकानात बसून घेतला, आणि आम्हाला ऐकू यावा म्हणून स्पीकरवर ठेवला. शकुंतला पदराला हात पुसत आत आली. पलीकडून एक म्हातारा, ठाम आवाज दोन-तीन वाक्यं बोलला. दादा आधी हसले. मग त्यांनी चष्मा काढला. शकुंतलेने विचारलं, काय म्हणाल्या ताई.

"ती म्हणते, भांडं ओढल्याचा आवाज येतो, त्या दिवशी, म्हणजे भाकरीच्या दिवशी, मला सर्दी झाली होती. आणि मी ती सगळ्यांपासून लपवली."

मी विचारलं, होती का. ते म्हणाले, "होती थोडी. सांगितलं असतं तर शूटिंग थांबलं असतं."

ते वर गेल्यावर मी रेकॉर्डिंग काढलं. ऐकू येतं. 'म' आणि 'न' जरासे बंद आहेत, नाकातून येणारा वारा अडला आहे. त्या क्षणी मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, कानाला युनिटमधले सगळ्यात चांगले हेडफोन होते, आणि माझं सगळं लक्ष एका 'भ'वर होतं. भाषा न येणाऱ्या, डोळ्यांनी न दिसणाऱ्या बहिणीने समुद्रापलीकडून भावाचं चोंदलेलं नाक ओळखलं. त्या चित्रपटात आवाज कोणाचा आहे, हे मात्र त्यांनी या वेळी विचारलं नाही.

वोयादादा, तुमच्या पंचाहत्तरीला शनवाऱ्यातले आम्ही सर्व तुम्हाला मनापासून वंदन करतो. तुमच्या हातून अजून पुष्कळ कामं होवोत, आणि ती सगळी तुमच्याच आवाजात होवोत. प्रकृती ठणठणीत राहो, गुडघे साथ देवोत, गच्चीवर दर थंडीत वांगी भाजली जावोत. देसाताईंनाही उदंड आयुष्य लाभो, कारण तुम्हाला ऐकणारं त्यांच्याइतकं पक्कं माणूस दुसरं नाही. आणि एक विनंती आहे. यापुढे बरं नसलं, अगदी साधी सर्दी जरी झाली, तरी खाली येऊन आम्हाला सांगत जा. वहिनी काढा करतील. मी शटर उघडून ठेवीन, आणि त्या दिवशी काहीही वाचायला लावणार नाही.